कार्ड कधी फॉरमॅट करायचं? फुटेज उतरवणं, तपासणं आणि सांभाळणं

तिसरा_कॅमेरा

नमस्कार मंडळी,

गेल्या महिन्यात माझ्या हातून एका मुलाखतीची चाळीस मिनिटं गेली. मनातून जात नाहीये म्हणून इथे लिहितोय, आणि तुम्ही सगळे कसं करता तेही विचारायचंय.

काम माहितीपटाचं होतं. ब्याऐंशी वर्षांच्या एक बाई आपल्या धाकट्या भावाबद्दल बोलत होत्या. दोन कॅमेरे होते, त्यातला माझा त्यांच्या चेहऱ्यावर. जेवणाच्या सुट्टीत कार्ड काढलं, रीडरला लावलं, लॅपटॉपवर कॉपी केलं. पट्टी शंभर टक्क्यांपर्यंत गेली. फोल्डर उघडून पाहिला, सगळ्या क्लिप दिसत होत्या, फाइलचे आकारही कार्डावरच्याइतकेच होते. पहिली क्लिप दहा सेकंद चालवून पाहिली, ठीक होती. कार्ड कॅमेऱ्यात घालून फॉरमॅट केलं आणि दुपारचं शूट त्याच्यावरच केलं.

रात्री तिसरी आणि चौथी क्लिप लावली तर काही मिनिटांनी हिरवे-जांभळे चौकोन आले, मग चित्र गोठलं. पुढे आवाजही तुटक. कार्डावर तोवर दुपारचं फुटेज चढलेलं, त्यामुळे रिकव्हरीतूनही हाती काही लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी बाईंनी मोठ्या मनाने सगळं पुन्हा सांगितलं. शब्द जवळजवळ तेच होते. पण पहिल्या वेळी भावाचं नाव घेताना त्या मध्येच थांबल्या होत्या आणि बराच वेळ खिडकीकडे बघत राहिल्या होत्या. ते पुन्हा आलं नाही, आणि मागून मिळण्यासारखंही नव्हतं. दुसऱ्या कॅमेऱ्यात तो क्षण आहे, पण लांबून आणि एका बाजूने.

माझे प्रश्न दोन. आकार बरोबर असूनही फाइल आतून खराब कशी निघते? आणि कार्ड पुसायला आता हरकत नाही, हे तुम्ही नक्की कशावरून ठरवता?

एकटा_शूटर

वाचून पोटात कालवलं.

कॅमेऱ्याला दोन स्लॉट आहेत का? असतील तर दोन्ही कार्डांवर एकाच वेळी रेकॉर्डिंग लावून ठेवा. बरेच जण दुसरा स्लॉट रिलेसाठी ठेवतात, म्हणजे पहिलं भरलं की दुसरं सुरू. मीही बरीच वर्षं तसंच करायचो. एकदा कार्ड शूटच्या मधेच गेलं, तेव्हापासून दोन्हीवर एकदमच रेकॉर्ड करतो. कार्डं दुप्पट लागतात, पण रेकॉर्डिंग थांबल्या क्षणी दोन प्रती हातात असतात. ही दोन कार्डं शूट संपल्यावर वेगवेगळ्या बॅगेत जातात, एक माझ्याजवळ आणि एक सहायकाजवळ.

उन्हाळी_पाखरू

मी अजून शिकते आहे. आम्हाला कॅमेरा शिकवला, लाइट शिकवला, पण कार्ड काढल्यानंतर काय करायचं हे कुणीच शिकवलं नाही. जाणकारांनी सविस्तर लिहा, वाचते आहे.

डेटावाली

तिसरा_कॅमेरा, तुमच्या पहिल्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण त्यातच बाकीचं सगळं आहे.

फाइलचा आकार म्हणजे फक्त लांबी. पुस्तकाची पानं चारशेच आहेत एवढं त्यावरून कळतं, पानांवर काय छापलंय ते कळत नाही. कॉपी करताना मधल्या काही बाइट्स बदलल्या तरी लांबी तीच राहते. पट्टी शंभर टक्के झाली याचा अर्थ तेवढे बाइट्स लिहून झाले, इतकाच. ते बरोबर लिहिले गेले का, हे ऑपरेटिंग सिस्टिमची साधी कॉपी परत वाचून बघतच नाही.

यावर उपाय चेकसमचा. फाइलमधल्या सगळ्या बाइट्स एका गणितातून जातात आणि शेवटी एक छोटासा आकडा मिळतो, तो त्या फाइलच्या अंगठ्याचा ठसा समजा. आतला एक बिट बदलला तरी आकडा पार बदलतो. कार्डावरच्या फाइलचा आकडा आणि डिस्कवरच्या प्रतीचा आकडा जुळला तरच प्रत खरी. एमडी५ हा १९९०च्या दशकाच्या सुरुवातीचा प्रकार अजून सगळीकडे चालतो. सुरक्षेच्या कामासाठी तो केव्हाच मोडीत निघाला, म्हणजे ठरवून फसवता येतो, पण अपघाताने झालेली मोडतोड पकडायला पुरेसा आहे. हल्ली सेटवर एक्सएक्सहॅश जास्त दिसतो, कारण तो कितीतरी वेगाने निघतो आणि आकडा काढण्यासाठी कॉपी थांबून राहत नाही. सिल्व्हरस्टॅक, ऑफशूट (याचंच आधीचं नाव हेज), शॉटपुट प्रो, योयोट्टा ही सगळी सॉफ्टवेअर हेच काम करतात. दाविंची रिझॉल्व्हमध्येही क्लोन टूल आहे आणि ते फुकट आवृत्तीतही मिळतं. त्यामुळे न तपासता नुसती फाइल ओढून कॉपी करण्याला आता काही सबब उरलेली नाही.

आता यातली खरी मेख, जिच्याकडे फार थोडे लोक लक्ष देतात. समजा रीडरनेच कार्ड चुकीचं वाचलं. सॉफ्टवेअरला मिळालेला डेटाच चुकीचा, त्याचा आकडा काढला, तोच डेटा डिस्कवर लिहिला, परत वाचला. दोन्ही आकडे जुळणार! हिरवी खूण येणार! चुकीची प्रत अगदी इमानाने केलेली असणार. म्हणून सोर्स व्हेरिफिकेशन नावाचा पर्याय असतो. त्यात कार्ड दोनदा वाचलं जातं आणि दोन्ही वाचनांचे आकडे ताडले जातात. वेळ जास्त जातो, तरी तो पर्याय चालू ठेवा. तुमचं वर्णन वाचून मला रीडरचाच संशय येतोय. यूएसबीच्या वाटेवर स्वतःची चूक-तपासणी असते, त्यामुळे नुसत्या केबलने गुपचूप डेटा बिघडणं विरळा. पण रीडरच्या आतली चिप किंवा लॅपटॉपची रॅम खराब असेल तर ती तपासणी काही कामाची नाही, कारण चूक तिच्या आधी किंवा नंतर झालेली असते. तो रीडर बाजूला ठेवा आणि तपासा.

आता माझं टेबल कसं चालतं ते सांगते. कॅमेऱ्यातून निघालेलं कार्ड माझ्या हातात येतं तेव्हा त्यावर लाल टेपची पट्टी असते आणि पट्टीवर नंबर, ए००३ असा. ए म्हणजे कॅमेरा, तीन म्हणजे त्याचं तिसरं कार्ड. लाल पट्टी म्हणजे भरलेलं, हात लावायचा नाही. ती पट्टी कॅमेऱ्याजवळच लागली पाहिजे, माझ्यापर्यंत येईतो थांबायचं नाही. एसडी कार्ड असेल तर बाजूचा खटका लॉककडे सरकवते. तो खटका कार्डाच्या आत काहीच बंद करत नाही, फक्त रीडरला सांगतो की लिहू नको, आणि ते ऐकायचं की नाही हे रीडरच्या हातात. तरी सरकवते. सीएफएक्सप्रेस या दुसऱ्या प्रकारच्या कार्डाला तो खटकाही नाही, तिथे पट्टीच काय ती राखण.

मग कार्डावरचं सगळं, मुळापासून, जसंच्या तसं एकाच वेळी दोन डिस्कवर. आकडे जुळले की अहवाल साठवते. एमएचएल नावाची एक यादी तयार होते, तिच्यात प्रत्येक फाइल आणि तिचा आकडा असतो. ती फुटेजबरोबरच राहते आणि पाच वर्षांनीसुद्धा त्या यादीवरून फुटेज तपासता येतं. अमेरिकन सोसायटी ऑफ सिनेमॅटोग्राफर्सने याच कल्पनेचं पुढचं रूप एएससी एमएचएल म्हणून आणलं, त्यात प्रत कुठून कुठे गेली त्याचा इतिहासही नोंदला जातो.

आणि यानंतर डोळे. आकडे जुळले म्हणजे प्रत कार्डासारखी आहे एवढंच कळलं. कार्डावरच चित्र खराब उतरलं असेल तर? म्हणून प्रत्येक क्लिपची सुरुवात, मध्य आणि शेवट बघते, हेडफोन लावून. हे बघणं डिस्कवरच्या प्रतीवरून करायचं, कार्डावरून नाही.

एवढं झाल्यावर लाल पट्टी काढून हिरवी लावते. ही पट्टी बदलण्याचा अधिकार सेटवर एकाच माणसाला असतो. फॉरमॅट मात्र मी करत नाही. हिरवी पट्टी पाहून कॅमेरा असिस्टंट करतो, तेही कॅमेऱ्यातच. लॅपटॉपवर फॉरमॅट केलेलं कार्ड कॅमेऱ्याला नेहमी रुचत नाही.

तिसरा_कॅमेरा

डेटावाली, मनापासून आभार. सोर्स व्हेरिफिकेशन हा शब्द मी आज पहिल्यांदा ऐकला. पण मी बहुतेक वेळा एकटा असतो. पट्टी लावणारा, कॉपी करणारा आणि फॉरमॅट करणारा मीच.

डेटावाली

मग वेळेला दुसरा माणूस करा. शूट चालू असताना फॉरमॅट करायचंच नाही. दिवसभर पुरतील एवढी कार्डं न्यायची, आणि आजचं कार्ड उद्या सकाळी, झोप झाल्यावर, अहवाल पुन्हा डोळ्यांखालून घालून पुसायचं. घाईत आणि दमलेलं असताना जे निर्णय होतात त्यात हा एक नको.

कापाकापी

मी एडिटिंगच्या बाजूने लिहितो. माझ्याकडे डिस्क येतात तेव्हा निम्मी दुखणी कॉपीतच झालेली असतात.

डेटावालींनी "मुळापासून, जसंच्या तसं" लिहिलंय त्यावर दोन शब्द. अनेक जण कार्डातून फक्त व्हिडिओ फाइल उचलतात, बाकीचे फोल्डर कचरा समजून सोडून देतात. पॅनासॉनिकच्या पी२ कार्डांमध्ये चित्राचं एमएक्सएफ (फाइलचा एक प्रकार) एका फोल्डरमध्ये आणि आवाजाचं एमएक्सएफ वेगळ्या फोल्डरमध्ये असायचं. एका कामात मला नुसता व्हिडिओचा फोल्डर मिळाला होता. तीन दिवसांचं शूट, चित्र सुरेख, आवाज शून्य. कार्डं तोवर पुसलेली. सोनीच्या कॅमेऱ्यांत एक्सएमएल फाइल बरोबर असतात, त्यांत क्लिपची माहिती असते. काही कॅमेरे लांब शॉट तुकड्यांत साठवतात. कार्डावर फाइल साठवायच्या एफएटी३२ या जुन्या पद्धतीत एक फाइल ४ जीबीच्या वर जाऊच शकत नाही, तिथून ही तुकड्यांची सवय आली. ते तुकडे जोडायची माहिती आजूबाजूच्या फाइलमध्ये असते. फोल्डर मोडला की जोडाच्या जागी एखाद-दुसरी फ्रेम किंवा आवाजाचा कण हरवतो, आणि तो नेमका वाक्याच्या मध्ये असतो.

दुसरं, नावं. बऱ्याच कॅमेऱ्यांत फॉरमॅट केल्यावर क्लिपचे आकडे पुन्हा एकपासून सुरू होतात. म्हणजे सकाळच्या कार्डावर सी०००१ आणि दुपारच्या कार्डावरही सी०००१. दोन्ही एकाच फोल्डरमध्ये ओढली की संगणक विचारतो, बदलू का? दमलेला माणूस हो म्हणतो. सकाळ गेली. कॅमेऱ्याच्या मेनूत आकडे पुढे चालू ठेवायचा पर्याय असतो, तो लावा. आणि प्रत्येक कार्डाला स्वतःचा फोल्डर द्या. फोल्डरच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, मग काम, कॅमेरा, कार्ड. या क्रमाने लिहिलं की यादी आपोआप तारखेप्रमाणे लागते. नावात मोकळी जागा आणि चिन्हं टाळा, आणि रोमन अक्षरंच ठेवा, कारण फुटेज कुठकुठल्या संगणकांतून फिरेल ते आपल्याला माहीत नसतं.

आतल्या फाइलची नावं मात्र बदलू नका. फार इच्छा झाली तरी नको.

उन्हाळी_पाखरू

दोन शंका. माझ्या मित्राकडे रेड (अनेक डिस्क एकत्र जोडलेली पेटी) आहे, तो म्हणतो त्याला वेगळ्या बॅकअपची गरजच नाही. हे खरं का? आणि ३-२-१ म्हणतात ते नेमकं काय?

एकटा_शूटर

रेड म्हणजे बॅकअप नव्हे, हे मित्राला आजच सांगा. रेड ५ मध्ये एक डिस्क गेली तरी काम चालू राहतं, रेड ६ मध्ये दोन गेल्या तरी. पण चुकून डिलीट केलं तर सगळ्या डिस्कवरून एकदमच डिलीट होतं. पेटी चोरीला गेली, पॉवर सप्लायने आतलं जाळलं, रॅन्समवेअर शिरलं, तर पाच डिस्क काय आणि आठ काय. आणि त्याच्याकडे रेड ० असेल तर फारच वाईट, कारण त्यात एक डिस्क गेली की सगळ्यांवरचा डेटा जातो.

चंदेरी_फीत

३-२-१ बद्दल मी लिहितो, आणि थोडं मागचंही.

टेपच्या काळात आम्हाला हा प्रश्नच नव्हता. बेटाकॅम असो की डीव्ही, टेप भरली की तिचा रेकॉर्डचा टॅब सरकवायचा, डबीवर आणि टेपवर दोन्हीकडे लेबल लावायचं, आणि ती कपाटात. ज्यावर शूट केलं तीच वस्तू जपली जायची. तंगी असली की टेपही पुन्हा वापरली जायची, नाही असं नाही, पण तो नियम नव्हता. कार्ड आलं आणि हे उलटं झालं. आता मूळ आपण स्वतःच्या हाताने रोज पुसतो आणि प्रतीवर जगतो. माझ्या मते या धंद्यात गेल्या पंचवीस वर्षांत झालेला सगळ्यांत मोठा बदल हा आहे, सेन्सर आणि ४केची चर्चा त्याच्यापुढे काहीच नाही. आणि कॅमेरामन लोकांनी त्याच्याकडे हवं तेवढं गांभीर्याने पाहिलेलं नाही.

मूळ पुसल्याचं सगळ्यांत मोठं उदाहरण चंद्राचं आहे. १९६९ साली अपोलो ११ मधून जे चित्र थेट येत होतं, ते जमिनीवरच्या केंद्रांत टेलिमेट्रीच्या, म्हणजे यानाकडून येणाऱ्या माहितीच्या, टेपांवरही नोंदलं गेलं होतं. टीव्हीवर जगाने पाहिलं ते त्या चित्राचं रूपांतर, मूळ त्याहून स्पष्ट होतं. पुढे त्या टेपांचा खूप शोध झाला आणि २००९ मध्ये नासानेच सांगितलं की त्या बहुधा पुसून पुन्हा वापरल्या गेल्या. टेपांची टंचाई होती. ज्याने पुसल्या त्याच्यासमोर तेव्हा नुसत्या नंबर टाकलेल्या टेपा असणार. रूपांतरित प्रक्षेपणाच्या प्रती वेगवेगळ्या ठिकाणी होत्या म्हणून चंद्रावरचं पाऊल आपण आज बघू शकतो.

३-२-१ हे सूत्र छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलं. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, आणि त्यातली एक दुसऱ्या जागी. मी "दुसरी जागा" हा भाग सगळ्यांत वर ठेवतो. तीन डिस्क एकाच कपाटात असतील तर आग, पाणी आणि चोर यांच्या दृष्टीने ती एकच प्रत आहे. शूटिंगवरही तसंच. दोन डिस्क एका बॅगेत, एका गाडीत ठेवू नका.

एकटा_शूटर

पूर्ण अनुमोदन. फक्त डिस्कबद्दल विचारतो. मी सगळं एसएसडीवर ठेवतो, पडली तरी काही होत नाही, वेगही चांगला. कपाटात ठेवायलाही एसएसडीच बरी ना?

डेटावाली

प्रवासात एसएसडी, कपाटात नाही. एसएसडीत डेटा म्हणजे बारीक कप्प्यांत अडकवलेला विद्युतभार, आणि वीज न मिळाल्यास तो हळूहळू झिरपतो. जेडेक या मानक ठरवणाऱ्या संस्थेची साध्या ग्राहकी एसएसडीसाठीची अट अशी आहे: तिचं ठरलेलं लेखन-आयुष्य वापरून झाल्यावर, वीज न देता, ३० अंश सेल्सिअसला एक वर्ष डेटा टिकला पाहिजे. नवी, कमी वापरलेली एसएसडी याहून पुष्कळ जास्त टिकते. उष्णता वाढली की मुदत कमी होते. पाच-दहा वर्षांसाठी बंद डब्यात ठेवायची ती वस्तू नव्हे.

कपाटासाठी हार्ड डिस्क, आणि तीही ठेवून विसरायची नाही. वर्षातून एकदा जोडायची आणि एमएचएलच्या यादीवरून सगळे आकडे पुन्हा ताडून बघायचे. घेताना एसएमआर की सीएमआर ते पाहून घ्या, हे डिस्कवर ट्रॅक लिहिण्याचे दोन प्रकार, आणि आपल्याला सीएमआर हवा. एसएमआर प्रकारात ट्रॅक कौलांसारखे एकमेकांवर चढवलेले असतात, त्यामुळे सलग शेकडो जीबी लिहायला घेतलं की वेग मध्येच कोसळतो. शूटच्या रात्री हे फार जाचतं.

काम मोठं असेल तर एलटीओ, म्हणजे संगणकाचा डेटा साठवायची टेप. एलटीओ-८ वर १२ टीबी, एलटीओ-९ वर १८ टीबी बसतात. नीट ठेवली तर तीस वर्षांची गोष्ट बोलतात. ड्राइव्ह महाग, टेप स्वस्त, म्हणून बरेच जण एडिटिंग स्टुडिओकडून टेप करून घेतात. ध्यानात ठेवायचं ते हे: एलटीओ-९ चा ड्राइव्ह ८ आणि ९ एवढ्याच पिढ्यांच्या टेप वाचतो. टेप तीस वर्षं टिकेल, पण वाचणारं यंत्रही जवळ लागेल. म्हणून दर दोन पिढ्यांनी नव्या टेपवर उतरवून घेणं आलं.

चंदेरी_फीत

कौलांची उपमा आवडली. टेप परत आली हे वाचून बरं वाटतं.

उन्हाळी_पाखरू

किती जागा धरायची हे कसं काढता? मी नेहमी कमी पडते.

कापाकापी

बिटरेटवरून, म्हणजे कॅमेरा सेकंदाला किती डेटा लिहितो त्यावरून. मेगाबिट प्रतिसेकंद हा आकडा घ्यायचा, ०.४५ ने गुणायचा, तासाला किती जीबी ते मिळतं. १०० मेगाबिट म्हणजे ४५ जीबी, ४०० मेगाबिट म्हणजे १८० जीबी. प्रोरेस ४२२ एचक्यू हा जड प्रकार, यूएचडी (४के) चित्र, सेकंदाला २५ फ्रेम असेल तर सुमारे ७३७ मेगाबिट, म्हणजे तासाला ३३० जीबीच्या वर. याला शूटचे तास, कॅमेरे आणि प्रतींची संख्या यांनी गुणा, वर वीस-पंचवीस टक्के धरा. १ टीबीची डिस्क विंडोजवर ९३१ जीबी दिसते, त्यात फसवणूक नाही, मोजायची पद्धत वेगळी आहे.

वेळही आधीच काढा. ५१२ जीबीचं भरलेलं कार्ड, डिस्क सेकंदाला १५० एमबी लिहिणारी, तर जवळजवळ तासभर. परत वाचून तपासायला आणखी तेवढाच. यूएचएस-२ हे वेगवान कार्ड जुन्या, हळू यूएचएस-१ रीडरला लावलं तर वरची मर्यादाच १०४ एमबी, म्हणजे नुसती कॉपी सव्वा तासाच्या वर. हा वेळ शूटच्या वेळापत्रकात लिहून निर्मात्याला आधी सांगितला नाही, तर तपासणीच पहिली कापली जाते. मी हे अनेकदा पाहिलंय.

फोकस_ओढणारी

मध्येच लिहिते, माफ करा, घाईत आहे. आत्ता अर्ध्या तासापूर्वी रेकॉर्डिंग चालू असताना बॅटरी निसटली. क्लिप कार्डावर दिसते आहे, २२ जीबी आहे, एमपी४ आहे, पण कुठेच उघडत नाही. काय करू?

डेटावाली

त्या कार्डावर एक सेकंदही शूट करू नका. फॉरमॅट नाही, संगणकाने "दुरुस्त करू का" विचारलं तर नाही म्हणा.

पहिला प्रयोग: कार्ड त्याच कॅमेऱ्यात परत घाला, भरलेली बॅटरी लावा, चालू करा. पुष्कळ कॅमेरे अर्धवट फाइल ओळखून स्वतःच दुरुस्तीचं विचारतात. कॅमेऱ्याने विचारलं तर हो म्हणा, ते त्याच्याच घरचं आहे.

फोकस_ओढणारी

कॅमेऱ्याने काहीच विचारलं नाही.

डेटावाली

हरकत नाही. २२ जीबी आहेत म्हणजे चित्र जागेवर असण्याची शक्यता चांगली आहे. एमपी४ मध्ये कुठली फ्रेम कुठे आहे याची अनुक्रमणिका असते, तिला मूव्ह अ‍ॅटम म्हणतात. बहुतेक कॅमेरे ती रेकॉर्डिंग थांबवताना शेवटी लिहितात. बॅटरी निसटली म्हणजे ती लिहायचीच राहिली. पानं आहेत, अनुक्रमणिका नाही.

आधी खटका लॉक करा आणि पूर्ण कार्डाची बिट-बाय-बिट प्रतिमा काढा, डीडीरेस्क्यू हे मोफत साधन त्यासाठीच आहे. पुढचं सगळं त्या प्रतिमेवर, कार्ड डबीत बंद. मग दुसऱ्या कार्डावर त्याच कॅमेऱ्याने, अगदी त्याच सेटिंगवर, दोन-तीन मिनिटांची चांगली क्लिप शूट करा. रिझोल्यूशन, फ्रेमरेट, कोडेक, आवाजाचे चॅनेल, काहीही बदलायचं नाही. अनट्रंक नावाचं मोफत साधन ती चांगली क्लिप नमुना म्हणून घेतं आणि तुटक्या फाइलची अनुक्रमणिका नव्याने बांधतं. पैसे देऊन मिळणारी साधनंही याच तत्त्वावर चालतात. फाइलच दिसत नसती तर फोटोरेक सांगितलं असतं, तुमच्या बाबतीत त्याची गरज नाही.

फोकस_ओढणारी

मिळालं! शेवटचे काही सेकंद गेले, बाकी सगळं आहे, आवाजासकट. कसे आभार मानू कळत नाही. हात अजून कापताहेत.

उन्हाळी_पाखरू

हे वाचताना माझाही जीव वर-खाली होत होता.

क्लाउडबद्दल कुणी लिहिलं नाही. सरळ वर चढवून टाकलं तर दुसरी जागा आपोआप होते ना?

एकटा_शूटर

होते, पण गणित करून बघा. अपलोडचा वेग खरोखर ४० मेगाबिट मिळाला तर १ टीबीला साडेपंचावन्न तास लागतात, मध्ये काही तुटलं नाही असं धरून. मी रोज रात्री प्रॉक्सी (फुटेजच्या कमी आकाराच्या प्रती), प्रोजेक्ट फाइल आणि एमएचएलच्या याद्या क्लाउडवर चढवतो, मूळ फुटेज डिस्कने पाठवतो. आणि सिंक आणि बॅकअप यांत गल्लत नको. सिंकमध्ये इथे डिलीट केलं की तिथेही होतं.

एक सुचवतो, कारण मला याचा त्रास झालाय. मूळ फुटेज किती दिवस सांभाळणार हे करारात लिहा. काम संपल्यावर दोन वर्षांनी फोन येतो, "ते सगळं असेलच ना तुमच्याकडे?" आणि नाही म्हटलं की आपण बेजबाबदार ठरतो. मी आता मुदत लिहितो, मुदत संपायच्या महिनाभर आधी कळवतो, आणि डिस्क सोपवताना फाइलच्या यादीवर सही घेतो.

कापाकापी

सही घेण्याच्या आधी ती डिस्क समोरच्याच्या संगणकावर उघडूनही दाखवा. आणि काढताना इजेक्ट करूनच काढा. एक्सफॅट डिस्क मॅक आणि विंडोज दोन्हीवर चालते म्हणून आपण तीच देतो, पण तिच्यात जर्नल, म्हणजे चालू लिखाणाची नोंदवही, नसते. लिहिता-लिहिता केबल उपटली तर सावरायला तिच्याकडे काही नाही.

तिसरा_कॅमेरा

दहा दिवसांनी परत लिहितोय.

डेटावालींनी सांगितलं तसं तो जुना रीडर तपासला. एक भरलेलं कार्ड घेतलं, लॉक केलं, त्याच रीडरने पाच वेळा वाचून प्रत्येक वेळी एक्सएक्सहॅश काढला. चार वेळा आकडे सारखे आले. पाचव्या वेळी एकाच फाइलचा आकडा वेगळा. नव्या रीडरने पाचही वेळा सारखे. पुन्हा जुना लावला, तो चांगला गरम होईपर्यंत थांबलो, मग तर दर दोन-तीन वाचनांत एखादी फाइल बदलायला लागली. कुठलीही सूचना नाही, एरर नाही. पट्टी प्रत्येक वेळी शंभर टक्के.

मुलाखतीच्या दिवशीही तो सकाळपासून सलग चालू होता.

डेटावाली

तुम्ही हे मोजून पाहिलंत हे फार चांगलं केलंत. तो रीडर बॅगेत ठेवू नका, अडीनडीला कुणीतरी तोच काढेल. त्याच्या केबलचं टोक कापून टाका.

आणि मुख्य काम आता आहे. त्याच रीडरने याआधी उतरवलेलं सगळं फुटेज संशयित धरा. त्याचे मूळ आकडे तुमच्याकडे नसणार, त्यामुळे ताडून बघता येणार नाही. पण एफएफएमपेग या व्हिडिओच्या साधनाने प्रत्येक फाइल पहिल्या फ्रेमपासून शेवटच्या फ्रेमपर्यंत डीकोड करून फक्त चुका छापायला सांगता येतात, काही साठवायची गरज नाही. सगळ्याच चुका त्यात पकडल्या जातील असं नाही, पण तुमच्या चौकोनांसारख्या बहुधा सापडतील. ज्या शूटची कार्डं अजून पुसलेली नाहीत ती आधी नव्या रीडरने उतरवून घ्या.

तिसरा_कॅमेरा

केबल कापली.

त्या रीडरवरून चौदा शूट उतरवलेली होती. कालपासून एफएफएमपेग लावून बसलोय, नऊ तपासून झाली. आठ स्वच्छ आहेत. नवव्यात एका क्लिपमध्ये सहा सेकंदांचा भाग खराब निघाला, पण त्या दिवशी दुसरा स्लॉट चालू होता आणि ते कार्ड सहायकाच्या डबीत अजून लाल पट्टीसह आहे. उद्या सकाळी त्याच्याकडून घेऊन येतो. उरलेली पाच आज रात्री लावतो.